कोतवाल नसलेलं रान

हंबीरराव सुभेदारांचं रान हिरवंगार होतं, आणि त्या हिरवेपणाचीच सुलाबाईला धास्ती वाटत होती.

ऊस तुटून गेलेला. खोडक्यांच्या मधून तांदुळजा, घोळ, चंदनबटवा, हरळी असं सगळं पोटरीएवढं माजलेलं. बांधाच्या अलीकडे सुलाबाईची मेंढरं माना लांब करून त्या हिरव्याकडे बघत होती. कालपासून त्यांच्या पोटात धड काही नव्हतं. मागचं रान सोडल्यापासून वाटेतल्या रस्त्याकडेच्या गवतावर भागत आलं होतं, पण इस्लामपूरच्या अलीकडे रस्ता रुंद करणाऱ्यांनी दोन्ही बाजूचं गवत खरवडून टाकलेलं. वरून शिमग्यानंतरचं ऊन. मेंढरं ओरडून ओरडून घोगरी झाली होती, आणि सुलाबाई मात्र काठी आडवी धरून बांधावर उभी. रानाकडे बघायचं सोडून ती विजेच्या तारेकडे बघत होती, मग बाभळीच्या शेंड्याकडे, मग पुन्हा तारेकडे.

"आये, काय बघतीस?" तिचा लेक अर्जुना कावला. "तारंवर काय बी न्हाई. काल बी नव्हतं, परवा बी नव्हतं. आता कुठंच नसतंय."

तेच तर. कुठंच नसतंय.

सुलाबाई साठीला टेकलेली, जत तालुक्यातल्या मेंढपाळाच्या पोटची आणि मेंढपाळाच्याच घरात दिलेली. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचं, ज्याचं रान रिकामं असेल त्याच्या रानात मेंढरं बसवायची, त्याला खत मिळतं, मेंढरांना चारा मिळतो, आणि पावसाच्या तोंडावर माघारी जायचं, हा तिचा जन्माचा क्रम. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं, पण तिच्या बापानं तिला एक गोष्ट शिकवली होती. परक्या रानात मेंढरू घालायच्या आधी कोतवाल बघायचा. काळा, दुभंगलेल्या शेपटीचा, कावळ्यालासुद्धा हुसकून लावणारा तो भांडखोर पक्षी. मेंढरं रानात शिरली की त्यांच्या पायानं किडे उडतात आणि ते टिपायला कोतवाल मेंढरांच्या पाठीवर येऊन बसतो. रानात किडा आहे तर कोतवाल आहे. कोतवाल नाही म्हणजे किडा मेलाय, आणि किडा मेलाय म्हणजे मालकानं काहीतरी फवारलंय किंवा मातीत टाकलंय. मग मालक कितीही शपथा घेवो, तिथं थांबायचं नाही.

हा हिशेब साधा होता आणि बापाच्या हयातीत कधी चुकला नाही. सुलाबाई लहान होती तेव्हा कळपातल्या कितीतरी मेंढरांच्या पाठीवर एकेक काळं शेपूट हलत असायचं. कोतवाल असायचे, साळुंक्या असायच्या, तारेवर वेडे राघू ओळीनं बसायचे, नांगरामागं बगळ्यांची तर जत्राच. एवढा कालवा असायचा की तिची आई वैतागून म्हणायची, "ह्यांच्यापायी माझं मलाच ऐकू येईना." सुलाबाईचं लग्न झालं, पोरं झाली, नवरा गेला, आणि हा कालवा कधी कमी झाला ते तिला सांगता आलं नसतं. घरातलं धान्य सरतं तसं ते झालं. रोज मूठ मूठ जातं, कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि एक दिवस कणगीचा तळ हाताला लागतो. बगळे आहेत म्हणा अजून, पण ते गावाबाहेरच्या कचऱ्याच्या ढिगावर. कोतवाल मात्र अख्ख्या वाटेवर एखादा दिसला तर दिसला.

आणि तिथंच सुलाबाईची पंचाईत झाली होती. कोतवाल नाही म्हणून रान सोडायचं म्हटलं, तर सगळीच रानं सोडावी लागली असती. मेंढरं काय वाऱ्यावर जगवायची? दोन वर्षांमागं येरळा नदीच्या काठी ती अशाच एका रानापुढं उभी राहिली होती. पाखरू नव्हतं. मागच्या चार रानांतही नव्हतं आणि तिथं काही झालं नव्हतं. "आता पाखरं न्हाईतच, त्याला आपुन काय करायचं?" असं म्हणून तिनं मेंढरं आत घातली. सूर्य कलेपर्यंत निम्मा कळप पाय झाडत पडला. त्या रानाचा मालक हात जोडून रडला होता, पण त्यानं मेंढरं उठली नाहीत.

तेव्हापासून तिनं नवी रीत धरली होती. ती रीत तिला आवडत नव्हती, पण दुसरी सुचतही नव्हती.

"सुलाबाई, आवो, किती वेळ उभ्या राहणार?" हंबीरराव पलीकडून आले. पांढऱ्या मिशा, ताठ कणा, फौजेतून सुभेदार होऊन परत आलेला माणूस. त्यांच्या रानात सुलाबाई बरीच वर्षं मेंढरं बसवत आली होती, गेली दोन वर्षं तेवढं इकडं येणं झालं नव्हतं. "सोडा की आत. तुमच्यासाठीच तर ठेवलंय रान. आता हळद लावायची हाय, खत पाहिजे मला."

"सुभेदार, औशीद-बिवशीद काय टाकलंय का ह्यात?"

"काय टाकलेलं न्हाई."

"पाखरू न्हाई एकबी."

"पाखरू न्हाई म्हणून मी खोटा?" सुभेदारांचा आवाज चढला. हा माणूस शब्दाचा पक्का म्हणून पंचक्रोशीत ओळखला जायचा आणि ते त्यांना चांगलंच ठाऊक होतं. "हे बघा, आज सकाळीच आमच्या घरातल्या माणसांनी ह्याच रानातनं तांदुळजा नेलाय भाजीला. विष असतं तर मी माझ्या घरात नेऊ दिला असता?"

अर्जुनानं काठी खाली घेतली. मेंढरं एक पाऊल पुढं सरली. सुलाबाईनं जिभेनं टकटक आवाज काढला, तशी ती थबकली.

"खाल्ली का भाजी?" तिनं विचारलं.

"दुपारी खातील. का?"

"काय न्हाई. तुमचा शबुद मानते मी, सुभेदार. पर आदी एकच मेंढी सोडते आत. दिस कलंपतूर तिला काय झालं न्हाई, तर समदी सोडते."

सुभेदारांच्या अंगाचा तिळपापड झाला. सतरा लोकांपुढं कुणी त्यांच्या ताटातलं अन्न हुंगून बघावं तसं त्यांना वाटलं असणार. पण बाईमाणूस, त्यात वर्षांची ओळख. ते बाभळीच्या सावलीला जाऊन पाठ फिरवून बसले.

"म्हातारीला सोड," अर्जुना हळूच म्हणाला. कळपात एक लंगडी, दात पडलेली मेंढी होती. "ती तशीबी ह्या उन्हाळ्यात जायचीच."

"तिच्या तोंडात दात न्हाईत. दोन पानं चघळील न् बशील. तिच्यावरनं काय कळायचं?" सुलाबाई म्हणाली. "चांगली खाणारी पायजे."

म्हणजे चांगलीच द्यायची. ह्या रीतीतलं सगळ्यात वाईट ते हेच होतं. मरतुकडं जनावर देऊन भागत नव्हतं. जी मेंढी हपापून खाईल, जिच्या अंगावर लोकर दाट, जिच्यावर पुढच्या वर्षाची भिस्त, तीच पुढं काढावी लागे. लोक सहज म्हणतात, विषाची परीक्षा कशाला घ्यायची. सुलाबाईला ती दर नव्या रानात घ्यावी लागत होती.

तिनं बांडीला काढलं. दोन दातांची, तरणीताठी, अर्ध्या अंगानं काळी. कळपाभोवती खुंटे ठोकून लावलेल्या जाळीचं तोंड जरासं उघडलं आणि बांडी उडी मारूनच आत गेली. मागं वळून बघितलंसुद्धा नाही तिनं. तांदुळज्याच्या एका झुबक्यात तोंड खुपसलं ते खुपसलंच.

मागं राहिलेल्या मेंढरांनी जे ओरडायला सुरुवात केली, ते ऐकवेना.

वेळ पुढं सरेना. सुलाबाई बांधावर उकिडवी बसली आणि बांडीच्या ओठांवरून, मागच्या पायांवरून तिनं नजर काढली नाही. अर्जुना येरझाऱ्या घालत होता. एक कोकरू जाळीत डोकं अडकवून घेतं, तो सोडवतो, तोवर दुसरं. आईवर चिडावं की दैवावर ते त्याला ठरवता येत नव्हतं, म्हणून तो कोकरांवर चिडत होता.

बांडी खात होती. मजेत खात होती.

बऱ्याच वेळानं सुभेदारांचा राग थोडा निवला. माणूस मुळात बोलका. ते येऊन बांधावर जरा अंतर ठेवून बसले.

"तुमचं बी खरं हाय," ते म्हणाले. "पाखरं न्हाईत, हे मला बी दिसतंय की. मी रजेवर यायचो तवा नांगर धरला की मागं नुसती झुंबड. हुमणी वर आली रं आली की बगळ्यानं उचललीच. आता ट्रॅक्टर जातो न् मागं हुमणी तशीच वळवळत पडती. उचलायला कोन न्हाई. दोन वर्षं झाली, ऊस मुळातनं खाती. हातानं उपटला की येतो. पोरगं म्हणतंय, हुमणीचं कायतरी केल्याबिगर हळद लावण्यात अर्थ न्हाई."

सुलाबाईनं बांडीवरची नजर पहिल्यांदा काढली.

"कोन म्हणतंय?"

"आमचा वीरधवल. आता शेती तोच बघतो."

"ह्या रानाला पानी कुनी दिलं, सुभेदार? ऊस तुटल्यावर एवढं हिरवं पान्याबिगर हुत न्हाई."

"त्यानंच दिलं. मी नव्हतो तवा. साताऱ्याला लेकीकडं गेलतो, डोळ्याचं ऑपरेशन केलं न्हवं का." सुभेदार बोलता बोलता थांबले. रिकाम्या रानाला, ज्यात काही लावलेलं नाही, त्याला पोरानं पाणी कशाला दिलं, हा प्रश्न त्यांच्या मनात त्याच घडीला पहिल्यांदा आला असावा. चेहऱ्यावरून तरी तसं दिसलं. दाणेदार औषध मातीत टाकलं की वरून पाणी द्यावं लागतं, हे त्या बांधावरच्या तिघांनाही ठाऊक होतं.

त्यांनी खिशातून फोन काढला. रिंग गेली, उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"गाडीवर असंल," ते म्हणाले. "तसं असतं तर मला सांगितलं असतं त्यानं. मला इचारल्याबिगर तो काय करत न्हाई."

सुलाबाईच्या मनात एकच होतं. देवा, सुभेदाराचा शब्द खरा असू दे. त्याच्यासाठी नव्हे, माझ्या बांडीसाठी. आणि ह्या भुकेल्या कळपासाठी, कारण आता संध्याकाळच्या आत ह्यांना दुसऱ्या रानात न्यायचं बळ ना त्यांच्या पायात, ना माझ्या.

"आये, बघ की, चांगली चरतीया," अर्जुना म्हणाला. त्यानं जाळीचा खुंटा उपटायला हात घातला. "आता किती वाट बघायची? सोडतो."

"थांब."

"अगं पर..."

"थांब म्हनलं न्हवं!"

बांडीनं खाणं थांबवलं होतं. मान वर करून ती नुसतीच उभी होती. पोट भरलं असेल, असं म्हणायला हरकत नव्हती. मग तिनं मागचे पाय फाकवले. खालचा ओठ थरथरला, आणि तोंडातून एक लांब चिकट धार खाली लोंबली.

सुलाबाई उठली ती धावतच सुटली. साठीची बाई खोडक्यांतून ठेचकाळत पोचली, तोवर बांडी गुडघ्यावर आली होती. "अर्जुना, कोळशाचं पानी कर! डागदरला फोन लाव!" ती ओरडली आणि बांडीचं डोकं तिनं मांडीवर घेतलं.

सुभेदार बांधावरच उभे होते. ते मेंढीकडे बघत नव्हते. फोन कानाला लावला होता आणि दुसरा हात कशाचा तरी आधार शोधत हवेतच फिरत होता.

"विजयमाला! भाजी... ती तांदुळज्याची भाजी कुठाय?" पलीकडचं बोलणं सुलाबाईला ऐकू येत नव्हतं. पण नंतर सुभेदार असे गरजले, की मेंढरंसुद्धा क्षणभर गप्प झाली. "हात लावू नका! साक्षीच्या पुढनं ताट काढ आधी! काढलं? तिनं खाल्लं का? घास घेतला का एखादा? नीट सांग!"

विजयमाला म्हणजे सुभेदारांची बायको, आणि साक्षी म्हणजे वीरधवलची पोर, त्यांची नात. ती नुकतीच शाळेतून येऊन पानावर बसली होती.

"न्हाई खाल्लं? शपथ?" सुभेदारांनी श्वास सोडला, आणि लगेच त्यांचा चेहरा पुन्हा उतरला. "तू? मीठ बघितलंस म्हणजे किती? अगं चमचाभर म्हणजे किती?"

पुढं ते थांबलेच नाहीत. मोटारसायकलला लाथ मारली आणि धुरळा उडवत गावाकडे गेले. जाताना बांडीकडे, सुलाबाईकडे, कुणाकडेच त्यांनी बघितलं नाही, आणि सुलाबाईलाही त्याचं काही वाटलं नाही. घरातलं माणूस विष खाऊन बसलेलं असताना कोण मेंढराकडं बघेल?

विषावर उतारा म्हणून केलेलं कोळशाचं पाणी बांडीच्या घशाखाली गेलं नाही. डॉक्टर दुसऱ्या गावाला होता, येतो म्हणाला. तो येईपर्यंत बांडीचे पाय झाडायचे थांबले. सुलाबाई तिच्या मानेखालून हात काढायला तयार नव्हती. तिला रडू आलं आणि ते तिनं लपवलं नाही. "म्या धाडली गं तुला," ती म्हणत होती, "म्या धाडली."

मग तिनं डोळे पुसले आणि अर्जुनाला खड्डा काढायला सांगितलं, खोल. कुत्र्यानं खाल्ली तर कुत्रं मरेल, कावळ्यानं खाल्ली तर कावळा. एवढ्या मोठ्या रानात बांडीच्या वाट्याला तेवढीच जागा आली.

उन्हं उतरल्यावर सुभेदार परत आले. मागं वीरधवल बसलेला, मान खाली. विजयमालाबाईंना दवाखान्यात ठेवून घेतलं होतं. मळमळत होतं, घाम फुटला होता, पण वेळेवर नेलं म्हणून धोका टळला असं डॉक्टर म्हणाले होते. उद्या घरी सोडणार होते.

"हुमणीसाठी टाकलं हुतं," वीरधवल सुलाबाईकडे न बघता म्हणाला. "दुकानदार म्हणाला, लावणीआधी टाका. बाबा साताऱ्याला हुते. सांगायचं राहून गेलं. आई तिथनं भाजी आणंल, हे डोक्यातच आलं न्हाई."

बोलायचं ते बापानं वाटेतच बोलून झालं असावं. आणि पोरगं काही वाईट नव्हतं. किडीनं ऊस खाल्ला म्हणून त्यानं औषध टाकलं होतं, आणि त्याच्या जागी दुसरा कुणी असता तरी त्यानं तेच केलं असतं. कीड टिपणारी पाखरं राहिली नाहीत म्हणून कीड वाढली, कीड वाढली म्हणून औषध वाढलं, औषधानं उरलीसुरली पाखरंही गेली. आता ह्यात कुणाच्या कानफटात मारणार?

सुभेदार ताज्या मातीच्या ढिगाऱ्यापाशी जाऊन उभे राहिले. म्हणाले, "सुलाबाई, तुमच्या एका मेंढरापायी माझं घर वाचलं. माझी नात वाचली. मी तुमच्यावर चिडलो हुतो. माफी करा."

सुलाबाईनं मान हलवली. तिला माफीचं काही नव्हतं.

"सुभेदार, माझ्या बाच्या टायमाला ही खबर कोतवाल द्यायचा," ती म्हणाली. "नुसता यायचा न्हाई, एवढंच करायचा. आमी वळखायचो न् फुडं जायाचो. कुनाला मरावं लागत न्हवतं."

कळप ओरडतच होता. त्याला ह्यातलं काही कळत नव्हतं. त्याला भूक लागली होती.

"कालव्याकडंला माझं दुसरं रान हाय," शेवटी सुभेदार म्हणाले. "गवत हाय भरपूर. इथनं लांब न्हाई."

"तिथं काय टाकलंय का?" अर्जुनानं विचारलं.

सुभेदारांनी तोंड उघडलं, आणि सवयीनं निघणार होता तो शब्द तिथंच थांबला. त्यांनी वीरधवलकडे बघितलं. वीरधवलनं नाही म्हणून मान हलवली, पण शेजारच्या बांधावरून काय वाहून आलं असेल ते त्यालाही सांगता येईना.

"बाई," सुभेदार म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका खाली आला होता की सुलाबाईला पुढं वाकावं लागलं. "माझ्या शब्दावर जाऊ नका. आदी एक सोडा."

कालव्यापर्यंत पोचेतो सूर्य टेकला होता. गवत होतं, खरंच भरपूर होतं. तारेवर, झाडावर, पाण्याकडेला काहीच नव्हतं. अर्जुनानं जाळी ठोकली आणि आईकडे न बघता विचारलं, "आता कुनाला?"

सुलाबाई कळपात शिरली. तिचा हात पुढं झालेला दिसला की ती दाणे देते, एवढंच मेंढरांना माहीत होतं. ती सगळी तिच्याकडे धावली, एकमेकांना ढकलत, तिच्या तळव्याला तोंड लावायला. सगळ्यात आधी पोचली ती एक लांब कानांची तरणी मेंढी. सुलाबाईनं तिच्या तोंडावरून एकदा हात फिरवला आणि तिचाच कान धरला.